ढेकणाचं नाव न घेणारी सभा

अध्यक्षमहाराज, वडीलधारी मंडळी, सतरंजीवर बसलेल्या बायांनो, आणि गुरुजींच्या हाताखाली शिकून आज मोठ्या हुद्द्यांवर गेलेल्या तुम्ही सगळ्यांनो,

तुम्ही सगळे आलात. सांगलीतून आलात, माधवनगरातून आलात, काही जण साताऱ्याहून सर्व्हिस मोटारीनं धूळ खात आलात. तुमचे आभार मानते.

मला बोलायला सांगितलं तेव्हा अध्यक्षांची अपेक्षा होती की मी उठेन, हात जोडेन, पदर डोळ्यांना लावीन आणि खाली बसेन. तसं केलं असतं तर सगळ्यांचीच सोय झाली असती. बोलणं मला जड जातंय. माझं माणूस गेल्यापासून घरात मोठ्यानं बोलायला कारणच पडलेलं नाही, त्यामुळे आवाज किती लावायचा तेही विसरले आहे. मागे ऐकू येत नसेल तर हात वर करा. मी पुन्हा सांगेन. आज मी काहीही पुन्हा सांगायला तयार आहे.

मघापासून मी तुमची भाषणं ऐकते आहे. पहिले वक्ते म्हणाले, गुरुजी सूक्ष्म जीवसृष्टीचे अभ्यासक होते. दुसरे म्हणाले, एका क्षुद्र कीटकाच्या नामाभिधानापायी त्यांनी आयुष्य वेचलं. तिसऱ्यांनी 'मत्कुण' असा शब्द काढला, आणि काढताना चिमट्यानं निखारा धरावा तसा लांब धरला. चौथे नुसतंच 'तो विषय' म्हणाले.

मंडळी, तो ढेकूण होता.

साधा ढेकूण. तुमच्या घरात आहे, माझ्या घरात आहे. चार जण बोलून गेले आणि एकाच्याही तोंडून तो शब्द बाहेर पडला नाही. मी नवऱ्याचं नाव घेत नाही. आमच्यात घेत नाहीत, मानापोटी घेत नाहीत. रात्री सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात, तेही मला कळतं. भीती असते. पण ढेकणाचं नाव तुम्ही घेत नाही ते कुणाच्या मानापोटी? आणि कुणाच्या भीतीनं?

ते या सभेत सगळ्यांना ठाऊक आहे. पण पोरीबाळी बसल्या आहेत, बाहेरगावचे लोक आले आहेत, त्यांना काय ठाऊक असणार. म्हणून सांगते.

आधी एक चूक दुरुस्त करते. गुरुजींनी आयुष्य ढेकणापायी वेचलं नाही. आयुष्य त्यांनी तुमची पोरं शहाणी करण्यात वेचलं, ती कितपत झाली ते समोर दिसतंच आहे. ढेकणाला त्यांनी फक्त सुट्ट्या दिल्या.

सुरुवात झाली ती जतकडे. शाळांच्या परीक्षा घ्यायला त्यांना पूर्वेकडच्या गावांत जावं लागायचं. तिकडे घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. एका मेंढरंवाल्या शेतकऱ्याच्या घरी उतरले. त्यानं आपली स्वतःची खाट पाहुण्याला दिली आणि स्वतः जमिनीवर झोपला. सकाळी गुरुजी उठले ते हातावरचे फोड बघत, आणि बोटाच्या चिमटीत एक ढेकूण.

घरधनी म्हणाला, "काय झालं गुरुजी? झोप न्हाई लागली व्हय?"

"लागली, लागली. हे बघा. तुमच्यात याला काय म्हणतात?"

आतून त्याची बायको पटकन बोलून गेली, "तगणी." आणि बोलल्याबरोबर तिनं तोंडावर हात मारून घेतला.

घरधन्याचा चेहरा पडला. म्हणाला, "आवं गुरुजी, आमच्या खाटंत न्हवती ही. तुमच्या वळकटीतनं आली आसंल."

हे म्हणाले, "असेल, असेल. पण नाव तगणीच ना? का तिगणी?"

तोवर ती बाई उकळत्या पाण्याची किटली घेऊन आली आणि खाटेच्या सांध्यासांध्यात ओतायला लागली. घरी येऊन हे हसत हसत सांगायचे, "अगं, ती पाणी ओतत होती आणि मी पाय वर घेऊन विचारत होतो, बाई, पुष्कळ असल्या की काय म्हणता?"

मला हसू आलं नाही. मी तेव्हाच त्यांना म्हटलं, "अहो, हे कुणाच्या घरी विचारत जाऊ नका. तुम्ही शब्द विचारता, लोकांना वाटतं तुम्ही उणं काढता."

"शब्दात कसलं उणं?"

"शब्दात नाही. खाटेत."

त्यांना पटलं नाही. त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही, आणि त्याची किंमत त्यांनी वाचनालयाच्या याच खोलीत मोजली.

ते विचारतच राहिले. मिरजेच्या स्टेशनावर एक मद्रासी गार्ड होता. त्यानं त्याच्या भाषेतलं नाव सांगितलं, मूट्टैप्पूच्चि. त्याचा अर्थ गाठोड्यातला किडा. गार्डाला राग आला नाही, कारण रेल्वेचा माणूस, त्याची कुठलीच खाट स्वतःची नाही. पेठेतल्या गुजराती अडत्याकडून मांकड हा शब्द मिळाला. अडत्या ओरडायचा, "मांकड झाले, मांकड झाले," आणि त्याचे हमाल कौलांकडे बघायचे, माकडं कुठे दिसतायत का. हिंदीतलं खटमल तर तुम्हाला ठाऊक आहे. त्यात खाट आहे. पुढचा मल म्हणजे घाण की मल्ल म्हणजे पैलवान, यावर दोन मतं आहेत. आमच्या भागात पैलवानच म्हणायला हवं, सगळ्या आळीला लोळवणारा दुसरा कोण आहे?

बाकीचे शब्द त्यांनी इथे बसून मिळवले. या कपाटात तो मोठा इंग्रजी कोश आहे, त्यातून. इंग्रज त्याला बग म्हणतो. त्यांच्या जुन्या भाषेत बग म्हणजे भूत, पोरांना भिवविण्याचा बागुलबुवा. त्याच्याही आधी त्याला भिंतीतली ऊ म्हणत. फ्रेंच माणूस त्याला वासावरून नाव ठेवतो. एकदा मी कोथिंबीर निवडत होते. हे समोर पाटावर बसले होते. म्हणाले, "कोथिंबिरीचं इंग्रजी नाव ग्रीक लोकांच्या ढेकणावरून पडलं म्हणतात. वास सारखा वाटला असेल त्यांना."

मी म्हटलं, "हे जेवण झाल्यावर सांगितलं असतं तर चाललं नसतं?"

"मग तू म्हणाली असतीस, जेवायच्या आधी का नाही सांगितलं."

मंडळी, आमच्या घरात असा संसार चालायचा. तुम्हाला क्षुद्र वाटेल. वाटू द्या. मी लिहायवाचायला शिकले ती कुणाच्या शिकवण्यानं नाही. हे परीक्षांना गेले की घरात पडलेली पहिलीची, दुसरीची पुस्तकं काढून अक्षरं जुळवत बसायची. यांना कळलं तेव्हा यांनी शाबासकी दिली नाही, भाषण केलं नाही. पुढच्या शनिवारी या वाचनालयातून एक पुस्तक यांचं आणलं, एक माझं. तेव्हापासून दर शनिवारी दोन पुस्तकं यायची. त्यांच्या वाचनावर मी बोलायची, माझ्या वाचनावर ते. ढेकूण हा त्यातलाच एक विषय.

त्यांना त्यात काय दिसलं ते सांगते, कारण इतक्या भाषणांत ते कुणी सांगितलं नाही. ते म्हणायचे, "बघ, कुणी खाटेवरून नाव ठेवलं, कुणी गाठोड्यावरून, कुणी भिंतीवरून. रक्त पितो म्हणून ठेवलेलं एकच नाव मला मिळालं, रक्तपायी, आणि ते संस्कृत पोथीतलं. ज्यांना तो चावतो ते असं नाव ठेवत नाहीत." त्यांना याची मौज वाटायची. मला नाही वाटायची. मी म्हणायची, म्हणजे जगात सगळीकडे माणसं सारखीच. चावणारा चावतो आणि आळ सामानावर.

मग ते म्हणायचे, "आपला शब्द मात्र वेगळा. ढेकूण म्हणजे ढेकूण. जुन्या प्राकृतात जवळजवळ असाच आहे, त्याच्या मागचं काही कळत नाही. तो कुणाच्या खाटेचं नाव सांगत नाही, कुणाच्या भिंतीचं सांगत नाही. सभ्य शब्द आहे."

सभ्य शब्द. ऐकलंत ना? ज्या शब्दाला तुम्ही आज उंबऱ्याबाहेर उभं केलंत, त्याला ते सभ्य म्हणत.

आता ढेकणावर त्यांनी इथे दिलेल्या व्याख्यानाकडे येते. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण त्या दिवशीही बसले होते. याच खुर्च्यांवर.

या खुर्च्या रावसाहेबांनी दिल्या. रावसाहेब पुढे बसले आहेत. वेताच्या खुर्च्या, चांगल्या पैशांच्या, आणि प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात त्यांच्या वडिलांचं नाव, त्यांच्या स्मरणार्थ म्हणून. चांगलं काम केलं. त्याआधी इथे बाकं होती. वडील माणूस सज्जन होता, माझं त्यांच्याविषयी काही म्हणणं नाही. पण वेत हा ढेकणांना फार मानवतो. लाकडात त्यांना फट शोधावी लागते, वेतात सगळ्या फटीच. शिवाय लढाईचे दिवस, रॉकेल परवान्यावर. घरच्या दिव्याला मिळत नव्हतं, तर वाचनालयाच्या खुर्च्यांना कोण पाजणार?

मला हे कसं ठाऊक, विचाराल. यांचे कपडे मी धुवायची, म्हणून. हे वाचनालयातून आले की मी दारातच अडवायची. "आधी अंगणात धोतर झटका, मग आत या." यांना वाटायचं, बायकोला सोवळ्याओवळ्याचं वेड लागलंय. झटकायचे बिचारे. खाली बघायचे नाहीत. डोक्यात कोश असायचा. जगातल्या ढेकणांची नावं गोळा करणारा हा माणूस आपण कशावर बसतो ते कधी बघायचा नाही.

व्याख्यानाला गर्दी होती. आम्ही बायका अशाच मागे सतरंजीवर होतो. हे छान बोलले. तगणीची गोष्ट सांगितली, गार्डाची सांगितली, लोक हसले. शेवटी म्हणाले, माणूस जिथे पाठ टेकतो तिथून या जिवाचं नाव पडतं. खाट होती तोवर खाटेवरून पडलं. प्रवास होता तिथे गाठोड्यावरून पडलं. आता आपण सगळे खुर्चीवर बसायला लागलो, तेव्हा यापुढचं नाव खुर्चीवरून पडायला हरकत नाही.

आणि त्याच वेळी पुढच्या रांगेत कुणीतरी मांडी खाजवली.

कुणी ते मी सांगत नाही. ते गृहस्थ आजही पुढच्याच रांगेत आहेत आणि आजही स्वस्थ बसलेले नाहीत.

सगळी खोली हसली. खिडकीतली पोरं हसली. बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. रावसाहेब हसले नाहीत. हे उभेच, यांना कळेना लोक एवढे का हसतात. यांना वाटलं, आपला विनोद जमला. यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी लग्नातही पाहिला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात तुमच्या कमिटीची सभा भरली. देणगीदारांच्या वडिलांच्या स्मृतीचा जाहीर उपमर्द केल्याबद्दल गुरुजींचं सभासदत्व रद्द, आणि त्यांना वाचनालयात येण्यास मनाई. ठराव एकमतानं झाला. एकमतानं. त्यातले निम्मे लोक गुरुजींकडे शुद्धलेखन शिकलेले. ठरावात एकही चूक नव्हती, हे गुरुजींनी स्वतः मला दाखवलं. म्हणाले, "उपमर्द हा शब्द पोरांनी बरोबर लिहिलाय."

मग मी त्यांना समजावून सांगितलं. म्हटलं, "अहो, खुर्च्यांवर रावसाहेबांच्या वडिलांचं नाव आहे. तुम्ही म्हणालात ढेकणाचं नाव खुर्चीवरून पडेल. त्यांना वाटलं तुम्ही टोमणा मारलात."

यांनी ठरावाचा कागद घडी घालून ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे त्या खुर्च्यांत खरंच ढेकूण आहेत?"

मी म्हटलं, "तुम्ही अंगणात धोतर कशाला झटकत होता?"

म्हणाले, "अरे अरे. मग रावसाहेबांना सांगायला हवं होतं. बिचाऱ्यांचे वडील."

मंडळी, हा माणूस उपमर्द करणारा होता? याला टोमणा मारता आला असता तर मी सुखानं संसार केला असता. टोमणा मारायला खाली बघावं लागतं, आणि ते कधी बघायचे नाहीत. जतच्या घरधन्यानं निदान वळकटीवर ढकललं आणि खाटेवर पाणी तरी ओतलं. त्याची लाज खरी होती. तुम्ही काय केलंत? ढेकूण खुर्चीत ठेवले आणि माणूस बाहेर काढला.

हे चिटणीस बसले आहेत, त्यांनी तेव्हा एक तोड सुचवली. घरी आले होते. चहा प्याले. म्हणाले, "गुरुजी, व्याख्यान आपण छापू. तुम्ही फक्त ढेकूण काढून मत्कुण घाला, आणि सगळ्या भाषांतली नावं मत्कुणापासूनच निघाली असं दाखवा. म्हणजे विषय उंचीवर जाईल, रावसाहेबांनाही बोलायला जागा राहणार नाही."

हे म्हणाले, "पण निघालेली नाहीत."

"ते कोण बघतंय गुरुजी."

"मी बघतोय," हे म्हणाले, आणि त्यांना आणखी चहा विचारला.

झालं. शनिवारची पुस्तकं बंद झाली. यांची बंद झाली आणि माझीही बंद झाली. माझ्या नावावर कुठला ठराव नव्हता, पण बायकांना इथे सभासदत्व आहेच कुठे? ते सतरंजीपुरतं आहे. गूळ ज्या कागदात बांधून यायचा तो मी सरळ करून वाचायला लागले. हेही वाचायला लागले. रस्त्यानं जाताना हे वाचनालयाच्या दारावरून जायचे, आत बघायचे, ओळखीचं कुणी दिसलं तर नमस्कार करायचे. तुम्ही नमस्कार घेत होतात की नाही ते तुम्हीच आठवा.

आता शेवटचं सांगते.

लढाई संपली आणि माझ्या बहिणीचा मुलगा फौजेतून परत आला. इटलीत होता. भेटायला आला तेव्हा हे आजारीच होते, खाटेवरून उठत नव्हते. पोरगं पायाशी बसून लढाईचं सांगायला लागलं, तर यांनी काय विचारावं?

"तिकडे ढेकूण आहेत का रे?"

ते म्हणालं, "हैत की काका. लय हैत. आमच्या खाटंत हैत, सायबाच्या खाटंतबी हैत. त्यास्नी काय आपली वर्दी कळती?"

"त्याला काय म्हणतात तिकडे?"

"चीमिचे म्हणत्यात. एका म्हातारीच्या घरात मुक्काम हुता, ती रोज गाद्या उन्हात टाकायची आन चीमिचे, चीमिचे करून शिव्या द्यायची. मला वाटलं मलाच म्हणतीय."

हे इतके हसले की खोकला लागला. पोरगं गेल्यावर मला म्हणाले, "चीमिचे. याचं मूळ काय असेल? कोशात नक्की असणार. एकदा बघून येता आलं असतं तर."

दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाले. तिसऱ्या दिवशी म्हणाले नाहीत, तेव्हा मी चप्पल घातली आणि इथे आले. या दारात उभी राहिले. चिटणीसांना म्हटलं, "ते आत येणार नाहीत, मीही येत नाही. तुम्ही कोश उघडा आणि एवढा एक शब्द बघून सांगा. आजारी माणसाला हवाय."

चिटणीस म्हणाले, "वहिनी, दुसरा कुठलाही शब्द सांगा. त्या विषयासाठी मला कोश उघडता येत नाही. ठराव आहे."

कपाट त्यांच्या पाठीशी होतं. किल्ली कमरेला होती. कोश मला दारातून दिसत होता.

घरी येऊन मी यांना जसं झालं तसं सांगितलं. हे म्हणाले, "दुपारची वेळ. कोश जड आहे गं. चिटणीसांना त्रास झाला असता."

यानंतर ते फार दिवस नव्हते. मंडळी, त्या माणसाला तुमचा राग आला नाही. एकदाही आला नाही. आमच्या घरात राग आणि तिरस्कार ही दोन कामं माझ्याकडे होती, जशी भांडी आणि धुणं माझ्याकडे होतं. ती मी आजही नीट करते आहे. तो शब्द अजून त्या कपाटातच आहे. त्याचं मूळ मला अजून ठाऊक नाही.

काल चिटणीस पुन्हा आले. म्हणाले, शोकसभा घेतो, फोटो लावतो, रावसाहेबांच्या हस्ते. मी विचारलं, "आणि ठराव?" तर म्हणाले, "वहिनी, ठराव रद्द करायचा म्हणजे रावसाहेबांचं चुकलं असा अर्थ होतो. त्यापेक्षा, झालं गेलं विसरून कमिटीनं गुरुजींना माफ केलं, असं आपण जाहीर करू."

माफ केलं. ऐका, बायांनो. माफ केलं म्हणे.

तो बघा फोटो टेबलावर, हार घालून. तुम्हाला एक साधी गोष्ट विचारते. ज्या माणसाला या दारातून आत यायची मनाई आहे त्याचा फोटो तुम्ही आत कसा आणलात? ठराव अजून उभा आहे ना? मग हा फोटोसुद्धा बाहेर ठेवा. आत आणायचा असेल तर ठराव काढा. मधली वाट नाही. माफीबिफी मला नको. ज्यानं काही केलं नाही त्याला माफ करायला फार मोठं मन लागत नाही, फार मोठी खुर्ची लागते.

रावसाहेब, तुमच्या वडिलांचा अपमान ढेकणांनी केला, तुम्ही केला, या कमिटीनं केला. त्यांच्या नावाला पाठ टेकून लोक इतकी वर्षं अंग खाजवतायत आणि कुणी तुम्हाला सांगत नाही, कारण पुढची देणगी हवी आहे. गुरुजींना समजलं असतं तर त्यांनी तुम्हाला घरी येऊन सांगितलं असतं, आणि रॉकेल कुठे मिळतं तेही सांगितलं असतं.

माझं बोलणं संपत आलं. आता दोन मिनिटं शांतता पाळायची रीत आहे. एरवी सगळे उभे राहतात. आज उभं राहू नका. मला दिसतंय, बऱ्याच जणांना उठायची घाई झाली आहे. तरी उठू नका.

बसून शांतता पाळा. पाठ टेका, पुरती टेका, नाव लिहिलंय तिथे. हात मांडीवर ठेवा. काही चावलं तरी हलू नका, खाजवू नका. एका माणसानं तुमच्या या वागण्याखाली बराच काळ न हलता काढला, तुम्हाला दोन मिनिटं जड नाहीत.

ज्याला सहन होणार नाही त्यानं उठावं. खुशाल उठावं. फक्त उठताना कशानं उठलो ते या सभेत मोठ्यानं, एका शब्दात सांगावं. मत्कुण चालणार नाही. चिटणीसांनी तो शब्द आजच्या वृत्तांतात लिहून घ्यावा. मग एक तर तो शब्द उच्चारणाऱ्याला बाहेर काढायचा ठराव करा, नाही तर गुरुजींचा ठराव इथेच फाडा, आणि मग फोटो लावा. भिंत कुठलीही चालेल.

आणि कुणीच उठलं नाही, कुणालाच काही चावलं नाही, असं ठरलं, तर मी हार काढून ठेवीन आणि माझं माणूस पदराखाली घरी घेऊन जाईन. दारात त्यांना एकदा झटकीन, सवयीनं.

मी उभीच राहते. मला खुर्ची नाही.

बसा, मंडळी. नीट टेकून बसा. आता बोलू नका.